जिन्यातलं तांबडं

आमच्या घरात रंगांचा कारभार अक्काकडे होता. कुठल्या पँटवर कुठला शर्ट घालायचा, पपई उतरवायची वेळ झाली की नाही, मोटारसायकलवरचा डाग गंजाचा की शेवाळाचा, हे सगळं तिनं सांगायचं आणि मी मुकाट ऐकायचं. मला जन्मापासून तांबडं आणि हिरवं वेगळं काढता येत नाही. त्यातही तांबडं जास्त दगाबाज. लोक ज्याला लालभडक म्हणतात ते मला काळपट, विझल्यासारखं दिसतं. शिरोळकडच्या आमच्या गावी परसात डाळिंबाचं झाड होतं. त्याची फुलं सगळ्यांना रस्त्यावरून दिसायची. मला मात्र फांदीत हात घालून चाचपल्याशिवाय एक फूल सापडायचं नाही.

पोरं हसायची. मी अंगावर धावून जायचो आणि मार खाऊन घरी यायचो. मग अक्कानं मला युक्त्या शिकवल्या. ती माझी थोरली बहीण, आईपेक्षा मला तिचाच धाक जास्त. "टोमॅटो बघत बसू नगो, अंगठ्यानं दाब. दबला की पिकलाय. मिरची हुंगून बघ, पिकल्यालीला गोडसर वास येतोय. आन् कुणी इचारलं ह्यो रंग कुठला, तर आधी त्यालाच बोलू दे. लोकांस्नी कळू द्यायचं न्हाय." शेवटचं वाक्य दर वेळी असायचंच.

आणि कधी कधी आजूबाजूला कोणी नसलं की ती स्वतःच विचारायची, "तम्मा, तुला दिसतं तरी काय रे नेमकं?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या बाजूला कानडी अशी घरातच मुरलेली असते. मी चिडून म्हणायचो, "तुला दिसतं तेच." यापलीकडे मला कधी उत्तर सुचलं नाही. जे आपल्याला दिसतच नाही त्याचं वर्णन कोण कसं करणार?

अक्काला हुपरीत दिली. सासरी चांदीचं काम. पैंजणांवर बारीक फुलं असतात, त्यांच्या पाकळ्यांत ती मीना भरायची, म्हणजे काचेसारखा चकचकीत रंग. तांबडा किती आणि हिरवा किती हे तिनं एकदा ठरवलं की सासरेसुद्धा त्यात बोट घालत नसत. मेहुणे लवकर गेले. तिनं त्याच कामावर मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, आणि मग एक पेटी घेऊन उचगावला माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलेलं नव्हतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी मापं तपासायच्या खोलीत काम करतो. सुरुवातीला भट्टीवर होतो, पण तिथं वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून ताव ओळखायचा असतो, आणि लोखंड अंगठ्यानं दाबून बघता येत नाही.

आकाशाचे फोटो काढायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. माझ्यासारख्यानं हा नाद करावा यातला विनोद मला कळतो, कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण या छंदाचा निम्मा भाग काळा-पांढरा असतो. उचगावातून आकाश म्हणजे काय, कोल्हापूरचे दिवे, हायवेचे दिवे, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांचा उजेड आणि धूर. तरीसुद्धा इथून तेजोमेघांचे फोटो निघतात. तेजोमेघातला वायू ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडतो, आणि तेवढाच अरुंद पट्टा आत घेऊन बाकी सगळा उजेड बाहेर ठेवणारे फिल्टर मिळतात. एक हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा, एक गंधकाचा. एकेक फिल्टर लावून फोटो घेत राहायचं काम गच्चीवर यंत्र आपोआप करतं. मी खाली झोपतो. शेवटी हातात एकाच तेजोमेघाची तीन काळी-पांढरी चित्रं येतात, आणि इथपर्यंत मी कुणालाही ऐकत नाही. काळ्या-पांढऱ्यात मला फसवणारा अजून भेटायचाय.

खरी अडचण पुढे असते. या तिन्ही चित्रांचं मिळून एक रंगीत चित्र करायचं. गंधकाचं चित्र तांबड्यात, हायड्रोजनचं हिरव्यात आणि ऑक्सिजनचं निळ्यात घालायचं, अशी रूढ पद्धत आहे. हे रंग खरे नसतात. डोळ्यांना दिसले असते तर हायड्रोजन आणि गंधक दोन्ही तांबडेच दिसले असते. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून एकाला हिरवं करतात, इतकंच. आता हायड्रोजन मुबलक आणि गंधक जेमतेम. आहे तसं मिसळलं तर सगळं हिरवंगार होतं. मग हिरवं खाली आणायचं, तांबडं उचलायचं, आणि दोन्हींच्या मिलाफातून सोनेरी छटा वर येईपर्यंत तोल साधत राहायचं. आकडे मला दिसतात. पण आकड्यांवरून रंग किती झाला ते कळतं, कसा झाला ते कळत नाही. छंदातले काही जण म्हणाले, तुम्ही नुसते काळे-पांढरेच फोटो ठेवा. असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं आणि मी नेमके रंगीतच करायला घेतो.

म्हणून रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, अक्का माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसायची. तेजोमेघ म्हणजे काय याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. पहिलं चित्र उघडलं तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, हे काय शेवाळ दावतोयस मला?" मी म्हटलं, शेवाळ नव्हे, धनु राशीतला तेजोमेघ आहे. "असंल की. पर हिरवं लई मारतंय. घाल तांबडं. घाल. अजून वाईच. अजून... बास!" आणि 'बास' म्हणताना तिनं दोन बोटांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. सुनेला मीना भरायला शिकवताना सासरच्या बायका अशीच टिचकी मारत असाव्यात. "आता कणभर बी नगो," ती म्हणाली आणि सुपारी कातरायला उठून गेली.

ते चित्र मी या छंदातल्या लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं. लोकांनी रंगांचं कौतुक केलं. या माणसाला सोनेरी रंगाची जाण आहे, असं एकानं लिहिलं. मी तिला वाचून दाखवलं, तर म्हणते, "सांग त्यास्नी, हुपरीचा माल हाय." मी तो फोटो मोठा छापून आणला आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात, सगळ्यांत खाली लावला. पुढचा त्याच्या वर. मग त्याच्या वर. मृगातला, वृश्चिकातला, शर्मिष्ठेतला. जसे झाले तसे भिंतीवर चढत गेले. आल्यागेल्या पावण्याला मी जिना चढायला लावायचो. गच्चीवर बघण्यासारखं काही नव्हतं, पण वाटेत फोटो होते.

त्या रविवारांची मला सवय लागली. माऊस फिरवायचा आणि मनगटावरच्या टिचकीची वाट बघायची. मला वाटायचं, माझ्याकडे नाहीत ते डोळे मला मिळाले. निदान दुपारपुरते तरी मिळाले. मी आयुष्यात फार थोड्या वेळा सुखी होतो असं म्हणतो, त्यात हे रविवार धरतो.

पुढे केव्हातरी 'बास' उशिरा यायला लागलं. मी आकडा नेहमीच्या जागेपर्यंत न्यायचो आणि थांबायचो. ती म्हणायची, "घाल की. हात कशाला आखडतोस?" मी वाढवायचो. ती स्टूल पुढं ओढायची, पडद्याजवळ तोंड न्यायची. "अजून सोनं येईना झालंय. घाल." मला वाटलं, या तेजोमेघात गंधकच कमी असेल. पुढच्या चित्रालाही तसंच वाटलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. मनाची समजूत घालायला गंधक बरं पडलं. आधी ती अधूनमधून, पडद्याकडे बघत, आपला जुना प्रश्न विचारायची, तुला ह्यात काय दिसतं रे नेमकं, म्हणून. तो प्रश्नही तिनं बंद केला. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

राजारामपुरीत मी ज्याच्याकडे फोटो छापतो तो लॅबवाला एकदा म्हणाला, "काका, ह्यात तांबडं जरा ज्यादा झालंय बघा. कमी करून देऊ?"

"अक्कानं बघितलंय," मी म्हटलं.

अक्का कोण ते त्याला माझ्याच तोंडून पाठ झालं होतं. "मग ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला. पुढच्या खेपेला त्यानं पुन्हा विचारलं, जरा दबकत. मी म्हटलं, तुला छापायचंय की मला शिकवायचंय? त्यानंतर त्यानं विचारलं नाही. घरी येणारे पावणे जिना चढता चढता "लई भारी" म्हणायचे आणि चहाला बसायचे. ग्रुपवरचं कौतुक कमी झालं होतं. एकानं लिहिलं, मंगळावर राहायला गेलात काय? मी त्याला ब्लॉक करून टाकलं.

त्याच सुमाराला बाजारातली एक गोष्ट. अक्का टोमॅटो घेत होती. ती लांबूनच ढिगाकडे बघून चारच फळं उचलणारी बाई. बाजारातल्या बायका तिच्यामागोमाग त्याच ढिगात हात घालायच्या. त्या दिवशी मी पिशवी धरून उभा होतो आणि बघतो तर ही एकेक टोमॅटो अंगठ्यानं दाबतेय. दाबायची, ठेवायची, दुसरा दाबायची. मला हसू आलं. "अक्का, माझी युक्ती चोरलीस की."

"तुझी कुठली? माझीच हाय ती," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मग तिनं उरलेलेही तसेच दाबून घेतले, आणि मिरच्या घेताना एक नाकाला लावली.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. ती बाम चोळायची आणि मी खेकसायचो, डॉक्टरकडे चल म्हणून. ती ऐकायची नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा तिचा लहानपणापासूनचा नेम. एका संध्याकाळी खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता आणि तिनं भाजी माझ्या ताटाच्या बाहेर वाढली. दोघंही त्या भाजीकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथून पुढे सगळं भराभर झालं. डोळ्यांचे डॉक्टर, मग स्कॅन, मग मोठं हॉस्पिटल. मेंदूच्या तळाशी एक गाठ होती आणि ती डोळ्यांकडून येणाऱ्या नसांवर दाबत होती. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं अक्काचा एक डोळा झाकला, खिशातलं पेन काढून त्याची टोपी पुढे धरली, मग दुसरा डोळा झाकून तीच पुन्हा धरली. "आजी, ही लाल टोपी दोन्ही डोळ्यांनी नीट लाल दिसते ना? की फिकी, मळकी वाटते?"

अक्का जराशी थांबली. "तांबडीच की," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाली, अशा गाठीत आधी रंग उतरतात, विशेषतः लाल. इतकं हळूहळू होतं की पुष्कळ वेळा लक्षात येत नाही. त्यांनी कधी तक्रार केली होती का? मला त्या परिस्थितीतही हसू आलं. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात रंग बघायचं काम तिच्याकडंच हाय." तिनं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दार उघडंच होतं. आत अक्का कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं आम्हाला सांगितलं. मग ताप आला, तो उतरला नाही, आणि अक्का गेली. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिच्या पिशवीतली सुपारीची डबी उघडत आणि मिटत होतो, एवढं आठवतं.

दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होण्याच्या आधी मी गच्चीवरून एक तेजोमेघ पुरा केला होता. मृगाच्या शेजारचा, गुलाबाच्या आकाराचा. तिन्ही चित्रं संगणकात तयार होती, नुसती मिसळायची राहिली होती. अक्काला मी सांगूनही ठेवलं होतं की पुढच्या रविवारी गुलाब आहे. "मग तर तांबडंच घालाय पायजे," ती म्हणाली होती.

भाची आली, म्हणजे अक्काची मुलगी. कडेवर तान्हं मूल. तिच्या बाळंतपणामुळे वर्षभराहून जास्त काळ तिचं इकडे येणं झालं नव्हतं, आणि हॉस्पिटलमधल्या दिवसांत घरी येऊन बसायला कुणाला उसंत होती? माझे फोटो तिनं मोबाइलवर एकेक करून बघितले होते, येता जाता, चार महिन्यांनी एखादा. घर धुऊन काढलं. गाद्या-उशा गच्चीवर उन्हात टाकायच्या होत्या. ती चादरींचा ढीग घेऊन पुढे आणि मी उशा घेऊन मागे, असे जिना चढत होतो. निम्म्यावर ती थांबली. चार पायऱ्या खाली उतरून आली, पुन्हा वर गेली.

"मामा, हे असं का होत गेलंय?"

"काय?"

"खालचे फोटो कसे सोन्यासारखे आहेत. आणि वर वर नुसते तांबडे. हा वरचा तर..." ती पुढे बोलायची थांबली. मग हळूच म्हणाली, "हा बघवत नाही मामा. रक्त सांडल्यासारखा झालाय."

मी बघितलं. खालपासून वरपर्यंत सगळे फोटो नीट बघितले. "सगळे सारखेच आहेत की," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली, आणि मला काय दिसत नाही हे तिला आठवलेलं मी तिच्या तोंडावर वाचलं. "आईनं बघितले होते हे?" तिनं विचारलं.

"सगळे. तिनं बास म्हटल्याशिवाय मी एकही पुरा केला नाही."

मला पेनाची टोपी आठवली. लॅबवाला आठवला. मग टोमॅटो आठवले, एकेक करून अंगठ्याखाली दबणारे, आणि नाकाला लावलेली मिरची. मी उशा वर नेल्या, उन्हात एका रांगेत मांडल्या, आणि तिथंच गच्चीवर बसलो.

लोकांना वाटतं मला अपराधी वाटत असेल. भाचीलाही तसं वाटलं आणि ती माझी समजूत घालायला लागली. पण मला तसं वाटत नाही. मला भीती वाटते. त्या खोलीत आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसायचो, समोर तेजोमेघ, आणि तांबडं आमच्यापैकी एकालाही दिसत नव्हतं. मी तिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून माऊस फिरवत होतो आणि ती आठवणीतलं सोनं पडद्यावर उजळायची वाट बघत होती. "घाल," ती म्हणायची, आणि मी घालायचो. रंग वाढत होता, बाहेरच्या सगळ्या जगाला दिसत होता, आणि ज्या घरात तो वाढत होता तिथं त्याचा पत्ताच नव्हता.

तिला कळलं होतं, यात मला शंका नाही. टोमॅटो दाबणाऱ्या माणसाला माहीत असतं आपण का दाबतोय ते. लोकांस्नी कळू द्यायचं न्हाय, हा तिचाच धडा होता आणि तिनं तो पाळला. फक्त त्या 'लोकांत' मीही होतो, याचा मला राग येतो. मेलेल्या माणसावर रागावून उपयोग नसतो, पण मी रागावतो. मी तिला म्हणतो, अगं, निदान मला तरी सांगायचंस. मला नाही तर कुणाला कळलं असतं?

त्या दिवसानंतर जिना माझा राहिला नाही. मी दिवा न लावता चढायचो आणि चढताना खाली बघायचो. भिंतीवर काय आहे ते मला दिसत नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच तिकडे बघायची छाती होत नव्हती. आपल्याच घराच्या भिंतीवर काहीतरी टांगलेलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतंय, आणि आपण त्याच्यासमोरून आंधळ्यासारखे जातोय. संगणकासमोर बसलो की हात माऊसवर जायचा आणि मनगट आपोआप वाट बघायचं. एकदा तर खरोखर टिचकी बसल्यासारखं झालं. मी वळून बघितलं. स्टुलावर भाचीनं बाळाचे धुतलेले कपडे घडी करून ठेवले होते.

परत जायच्या आधी भाची म्हणाली, "मामा, आईचा तो राहिलेला फोटो पुरा करू या. मी रंग सांगते." मी नको म्हटलं. ती आईसारखीच हट्टी. रविवारी दुपारी बाळाला झोपवलं आणि स्टूल ओढून बसली. मी गंधक तांबड्यात घातलं, हायड्रोजन हिरव्यात, ऑक्सिजन निळ्यात. "ई, शेवाळ!" ती म्हणाली. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिच्याकडे आईची नजर नाही. ती चाचरत सांगायची, "थोडं वाढव... नाही, मागे घे... हं, बहुतेक." टिचकीही नाही. तरी हळूहळू जमत गेलं. शेवटी ती मोबाइलवर जिन्यातल्या सगळ्यांत खालच्या फोटोचा फोटो काढून घेऊन आली, पडद्याशेजारी धरून ताडून बघितला आणि म्हणाली, "झालं. आता बरोबर आहे. छान सोनेरी झालाय गुलाब."

मी म्हटलं, अजून एक काम कर.

जिन्यातल्या सगळ्यांत वरच्या फोटोची फाईल मी उघडली. अक्कानं ज्याला शेवटचं 'बास' म्हटलं तो फोटो. भाचीला म्हटलं, हा तुला रक्तासारखा दिसतो ना? मी यातलं तांबडं कमी करत जातो. खालच्या फोटोसारखा सोनेरी झाला की मला थांबव. मी आकडा उतरवत गेलो, उतरवत गेलो. फार खाली जावं लागलं. मग ती "थांब" म्हणाली. जेवढं तांबडं काढावं लागलं तेवढं अक्काच्या डोळ्यांतून गेलेलं होतं, असा माझा हिशेब. डॉक्टर हसतील, हे शास्त्र नाही हे मलाही कळतं. पण मापं तपासणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? आता गुलाबाच्या पुऱ्या झालेल्या चित्राची एक प्रत घेतली आणि तिच्यातून तेवढंच तांबडं काढून टाकलं. अक्का त्या रविवारी स्टुलावर बसली असती तर तिला सगळ्यांत चांगला गुलाब कसा दिसला असता, ते हे.

दोन्ही चित्रं मी पडद्यावर शेजारी शेजारी मांडली.

भाचीनं तोंडावर ओढणी घेतली. "इतकं हिरवट, विझलेलं?" ती म्हणाली. "मामा, आईला एवढंच दिसत होतं? हे असं?" आणि ती रडायला लागली. हॉस्पिटलमध्ये तिनं रडू आवरलं होतं, ते आता आवरेना. आत बाळ उठलं, तेही रडायला लागलं. ती उठून आत गेली.

मी एकटाच पडद्यासमोर राहिलो. डावीकडचा गुलाब बघितला, उजवीकडचा बघितला. खुर्ची पुढे ओढली, अक्का न्यायची तसं तोंड पडद्याजवळ नेलं. पाकळ्यांच्या कडा बघितल्या, मधली पोकळी बघितली. पुन्हा डावीकडचा, पुन्हा उजवीकडचा. काही केल्या कळेना. शेवटी मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ह्यातला आईचा कुठला?"

ती बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. डोळे पुसून तिनं उजवीकडच्या चित्राकडे बोट दाखवलं.

मी पुन्हा बघितलं. दोन्ही सारखेच होते. लहानपणापासून अक्का मला एकच गोष्ट विचारत आली, मला नेमकं दिसतं तरी काय, आणि मी दर वेळी चिडून एकच उत्तर देत आलो. आता ती स्टुलावर असती तर मी न चिडता, उजवीकडच्या गुलाबावर बोट ठेवून तिला सांगितलं असतं: हे बघ अक्का. तुला दिसतं तेच.